गाडीवरच्या गाण्यावर बंदी नको, आवाजावर बोला

पोस्ट जरा लांबणार आहे, सवडीनं वाचा. पण १ मेच्या आत वाचा, कारण विषय त्या दिवशीच्या ग्रामसभेचा आहे.

गेले चार दिवस गावच्या ग्रुपवर एकच चर्चा चाललीय. मोटारसायकलला स्पीकर लावून फिरणाऱ्या पोरांचा बंदोबस्त करा. ठराव येणार आहे म्हणे, की गावच्या हद्दीत दुचाकीवर स्पीकर, रेडिओ, म्युझिक प्लेअर काहीही दिसलं की जाग्यावर ५०० रुपये दंड. त्या मेसेजला चाळीस-पन्नास अंगठे पडलेत. त्यात माझा अंगठा नाही. तो का नाही, एवढंच सांगायला हे लिहितोय.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. रात्री अकराला मारुतीच्या देवळापासनं टाकीपर्यंत भला मोठा बॉक्स लावून चार फेऱ्या मारणारी पोरं आहेत. दहावीची परीक्षा असो, कुणाच्या घरात म्हातारं माणूस आजारी असो, त्यांना देणंघेणं नसतं. माझ्या आईला बीपीचा त्रास आहे, ती दचकून उठते. त्यामुळे ज्यांनी हा ठराव मांडायचं ठरवलंय त्यांच्या रागाला कारण आहे, आणि तो राग माझाही आहे.

पण ठरावात लिहिलंय ‘काहीही दिसलं की’. तिथं माझी हरकत आहे.

कारण गाडीवर गाणी ऐकणारी सगळी त्या बॉक्सवाल्यांसारखी नाहीत. पहाटे साडेचारला बाहेर पडणारा आपल्या आळीतला पाववाला बघा. मागं पेटी, पुढं हँडलला लटकवलेला मुठीएवढा डबा. डेअरीचं दूध गोळा करणारे आहेत. कुरिअरची पोरं आहेत. कराडला कंपनीत सेकंड शिफ्ट करून रात्री एकटी परत येणारी पोरं आहेत. मी स्वतः पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कराड, सुपने, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, आणि मधल्या वाड्यावस्त्या. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर माझी गाडी पळते. दिवसातले तीन-चार तास मी सीटवर असतो. चारचाकीवाला हाच रस्ता काचा वर करून, एसी लावून, गाणी ऐकत जातो. त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या गाडीत कंपनीनंच चार-सहा स्पीकर बसवून दिलेले असतात. मग दुचाकीवाल्यानं चारशे रुपयात आपली सोय केली तर तो एकदम टवाळ कसा होतो?

आमचे वडील सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून बाजाराला जायचे. चामड्याच्या पिशवीतला, भोकं भोकं असलेला. सांगली आकाशवाणी लागलेलं असायचं, नाहीतर क्रिकेटची कॉमेंट्री. वाटेत लोक हाक मारून स्कोअर विचारायचे. तेव्हा कुणी ठराव आणला नव्हता.

आता जरा अवघड गोष्ट सांगतो, माझ्याच चुकीची.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी पण इअरफोनवाला होतो. दोन्ही कानात बोंडं, वरनं रुमाल, आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं, कारण हेल्मेट घातलं की बोंडं कानात टोचायची. निसरे फाट्याच्या अलीकडं एका वस्तीवर वळायचं होतं. मी आरशात बघितलं नाही. मागनं ट्रक येत होता. तो हॉर्न मारत होता, बराच वेळ मारत होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी उजवीकडं वळलो. त्या माणसानं ट्रक शेतात घातला म्हणून मी आज हे लिहितोय. हँडल कशाला तरी घासलं, मी पडलो, गळपट्टीचं हाड मोडलं, दीड महिना घरी. ड्रायव्हर खाली उतरून आला. मला वाटलं मारतोय. त्यानं नुसतं माझ्या कानातलं एक बोंड ओढून काढलं आणि म्हणाला, “आरं मर्दा, किती हॉर्न मारायचा?” तो थरथरत होता. माझ्यापेक्षा जास्त तोच घाबरला होता.

त्या दिवसापासनं इअरफोन बंद. पण गाणं बंद झालं नाही, आणि खोटं का बोलू, होणारही नव्हतं. एकटा माणूस उन्हातान्हात रोज तोच रस्ता तुडवतो तेव्हा त्याला काहीतरी सोबत लागते. म्हणून मग घरच्या घरी हँडलवर स्पीकर बसवला.

आता ठरावाचा विचार करा. उद्या दिसणाऱ्या स्पीकरला दंड बसला तर पाववाला पोरगा काय करील? गाणं सोडील? नाही. तो स्पीकर काढील आणि कानात बोंडं घालील. इअरफोन दिसत नाही, रुमालाखाली झाकतो, त्याला दंड कोण करणार? म्हणजे जो पोरगा आज मागचा हॉर्न ऐकतोय, त्याला आपण ठराव करून बहिरा करणार. गावाची शांतता राहील, पण पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीखाली कोण जाईल ते सांगता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

ग्रुपवर एकानं विचारलं, “मग काय सगळ्यांनी हजारो रुपयांच्या सिस्टिम बसवायच्या का?” नाही. हेल्मेटमध्ये बसवायचे ब्लूटूथ संच हजारोंच्या घरात जातात, ते आपल्या कामाचे नाहीत. मी काय केलं ते सविस्तर सांगतो. ज्यांना लावायचंय त्यांनी नीट लावावं, म्हणजे ठराव आणणाऱ्यांना बोलायला जागा राहणार नाही.

स्पीकर: मुठीएवढा, तीन ते पाच वॅटचा, आत बॅटरी असलेला आणि मेमरी कार्ड लागणारा. मला साडेतीनशेला मिळाला. कार्ड जुन्या मोबाईलमधलं काढून घातलं. कार्डाचा फायदा असा, की मोबाईल खिशातच राहतो. हँडलवर मोबाईल लावून गाणी वाजवणाऱ्यांना एक सांगतो. इंजिनाच्या कंपनानं मोबाईलचा कॅमेरा खराब होऊ शकतो. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींबद्दल अ‍ॅपल कंपनीनंच २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता आणि लहान गाड्यांवरही कंपन कमी करणारा होल्डर वापरायला सांगितलं होतं. शिवाय मोबाईल समोर असला की मेसेज वाचायचा मोह होतोच.

बैठक: बोअरच्या कामातला उरलेला तीन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. उभा कापून अर्धा केला, पन्हाळीसारखा. कडा घासून घेतल्या, खाली पाणी जायला दोन भोकं पाडली. आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला म्हणजे स्पीकर खडखडत नाही. ही पन्हाळी हँडलच्या मधल्या भागाला दोन पाइप क्लिपांनी आवळली. क्लिपा हार्डवेअरच्या दुकानात वीस-वीस रुपयाला. क्लिपेखाली पण ट्यूब घातली, नाहीतर हँडलचा रंग जातो आणि क्लिप फिरते.

आवळायला: स्कूटरच्या ट्यूबच्या आडव्या रिंगा कापून दोन रबरं केली, त्यांनी स्पीकर पन्हाळीत धरला. गाडी लावून वर वस्तीवर जायचं असेल तर रबर सोडलं की स्पीकर खिशात. आणि एक नायलॉनची दोरी हँडलला बांधलेली ठेवली. रबर तुटलंच तर डबा पुढच्या चाकात जायला नको. ही दोरी विसरू नका, दोन रुपयाची वस्तू आहे पण सगळ्यात महत्त्वाची.

तोंड: पन्हाळीचा उघडा भाग आपल्या छातीकडं. म्हणजे आवाज आपल्याकडं येतो, रस्त्यावर कमी जातो. पुढं तोंड करून लावणारा गाणं ऐकत नसतो, ऐकवत असतो.

तपासणी: गाडी स्टँडवर लावून हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून बघायचं. क्लचची केबल, ब्रेकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुठं अडकते का? डबा टाकीला लागतो का? मीटर, इंडिकेटरचा दिवा, किल्ली झाकली जाते का? यातलं एक जरी होत असेल तर जागा बदला. आठवड्याला एकदा क्लिपा आवळा, आपल्या रस्त्यांवर नट ढिले व्हायला वेळ लागत नाही. पावसात वरनं दुधाची पिशवी.

आणि गाडीची वायर कापू नका. बॅटरीवरनं डायरेक्ट वायर ओढून अँप्लिफायर लावणारे आपल्याकडं आहेत. मी रोज वायरीतच हात घालतो म्हणून सांगतो, फ्यूज न घालता ओढलेली वायर हँडलच्या मानेत घासून सोलली की शॉर्ट होते, आणि तिथनं टाकी फूटभरावर असते. कंपनीची वायर कापली की वॉरंटीवर पण पाणी. स्पीकर रात्री घरी चार्ज करायचा. दिवसभर पुरतो.

हिशोब: साडेतीनशे अधिक चाळीस अधिक दहा-वीस किरकोळ. चारशेच्या आसपास. पाइप आणि ट्यूब फुकट.

आता आवाज किती? मी एक साधी कसोटी ठेवलीय. गाडी उभी करायची, गाणं लावायचं, आणि दहा पावलांवर एक माणूस उभा करायचा. त्याला गाणं चाललंय एवढं कळलं तर चालेल, पण गाण्यातले शब्द कळायला नकोत. तेवढाच आवाज. या आवाजात ताशी तीस-चाळीसच्या वेगाला गाणं मस्त ऐकू येतं. पन्नास-साठच्या पुढं वारा ते खाऊन टाकतो. तिथं आवाज वाढवायचा नाही. ताशी शंभरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज नव्वद डेसिबलच्या पुढं जातो, त्याच्याशी स्पर्धा करायला गेलात तर कान जातील. गाणं ऐकू येत नसेल तर एकतर गाडी हळू घ्या, नाहीतर गाणं बंद करा. मला तर याचा फायदाच झाला. गाणं ऐकू यावं म्हणून मी आता चाळीसच्या वर जात नाही.

गाणं बदलायचं असेल तर गाडी कडेला. चालत्या गाडीवर बटण दाबायला एक हात सुटला की खड्डा तेवढीच वाट बघत असतो. आणि झोप येत असेल तर गाण्याच्या भरवशावर राहू नका. गाण्यानं झोप जात नाही. गाडी थांबवा, तोंडावर पाणी मारा, चहा प्या, गरज असेल तर दहा मिनिटं आडवं व्हा.

आता कायद्याचं. ग्रुपवर लोक म्हणतायत “कायद्यानं बंदीच आहे”. नेमकं काय आहे ते बघू. आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ४५ डेसिबल. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असेल तर दिवसा ५०, रात्री ४०. म्हणजे कायदा मोजतो तो आवाज. गाडी चालवताना हातात मोबाईल धरला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार केला तर कलम ५२ आणि १८२अ आहे, त्यात प्रत्येक फेरफारामागं ५००० रुपये दंड होऊ शकतो. सायलेन्सर बदलून फटाके वाजवणाऱ्यांना कलम १९० खाली १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. रबरानं बांधलेला, हातानं सुटणारा डबा आणि गाडी कापून बसवलेली सिस्टिम यात फरक आहे, आणि तो फरक आपण ठरावात पण ठेवला पाहिजे. शिवाय मोटार वाहन कायद्याखालचा दंड पोलिसांनी आणि आरटीओनं करायचा असतो. ग्रामपंचायतीच्या शिपायानं रस्त्यात गाडी अडवून ५०० ची पावती फाडायची हे मला काही पटत नाही. त्यातनं भांडणं होतील, आणि पावती कुणाची फाटेल ते तुम्हालाही माहीत आहे. पाववाल्याची फाटेल. ज्याचा चुलता सोसायटीत संचालक आहे त्याची फाटणार नाही.

आणखी एक. आपण आवाजाचं बोलतोय तर पूर्ण बोलू. सीझन सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या डोक्यामागं दोन-दोन बॉक्स लावून, मागं दोन ट्रॉल्या जोडून, रात्रभर याच रस्त्यानं जातात. मागचा माणूस हॉर्न मारून मारून दमतो, ट्रॅक्टरवाल्याला ऐकू येत नाही, साइड मिळत नाही. कितीतरी ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर पण नसतो. त्यावर ठराव आला का? ऊस आपलाच असतो, म्हणून आपण गप्प. लग्नाच्या वरातीत डीजे लागतो, खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं. त्यावर ठराव आला का? वरात आपल्याच भावकीची असते, म्हणून गप्प. आणि राग निघतो कुणावर, तर पहाटे एकटा पाव विकत फिरणाऱ्या पोरावर. त्याच्या डब्याचा आवाज शेजारच्या घरात पण जात नाही.

तर मंडळी, नुसती टीका करून मी थांबत नाही. ग्रामसभेत मी ही दुरुस्ती मांडणार आहे.

एक, बंदी स्पीकरवर नको, आवाजावर असावी. रात्री १० ते सकाळी ६ गावठाणात कुठल्याही वाहनावर, म्हणजे दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर सगळ्यांवर, बाहेर ऐकू जाईल असं गाणं नको. पाववाल्यानं पण पहाटे गावठाणात डबा बंद ठेवावा, रस्त्याला लागल्यावर लावावा. मी त्याच्याशी बोललोय, तो तयार आहे.

दोन, शाळा आणि आरोग्य उपकेंद्रासमोर दिवसा पण आवाज बंद. तिथं पाटी लावू. पाटीचा खर्च मी देतो.

तीन, जो ऐकणार नाही त्याला आधी घरी जाऊन दोन माणसांनी समजवायचं, नाही ऐकलं तर पोलीस ठाण्यात ग्रामपंचायतीचं पत्र. पण पत्रात नावं सगळ्यांची जातील, भावकी बघून गाळायची नाहीत.

चार, गाडी चालवताना इअरफोन नको, याचं आवाहन ग्रामसभेनं ठरावातच करावं. दंड नको, नुसतं आवाहन. आणि हेल्मेट.

पाच, ज्या पोरांना स्पीकर नीट बसवून हवाय त्यांनी रविवारी सकाळी माझ्या दुकानापुढं यावं. पाइपचे तुकडे माझ्याकडं पडलेत, क्लिपा तेवढ्या आणा. मी बसवून देईन, पैसे घेणार नाही. अट एकच, दहा पावलांची कसोटी माझ्यासमोर द्यायची.

आणि बॉक्सवाल्या पोरांनो, तुमच्यातले निम्मे माझी पोस्ट वाचतात मला माहीत आहे. तुमच्या वयात मी पण कमी उद्योग केले नाहीत. पण गड्यांनो, तुमच्या त्या चार फेऱ्यांपायी गावातला प्रत्येक गाणं ऐकणारा माणूस बदनाम होतोय. एवढीच हौस असेल तर माझ्या दुकानात या, बॉक्स तिथं लावू, दुपारी, शटर अर्धं ओढून.

ज्यांनी ठराव मांडलाय ते माझे मोठे आहेत, त्यांच्याविषयी मनात काही नाही. दादा, तुमचा हेतू चांगला आहे, ठरावातले शब्द तेवढे बदला. ‘दिसलं की’ च्या जागी ‘ऐकू आलं की’ लिहा. मग पहिला अंगठा माझा.

पटत नसेल त्यांनी खुशाल सांगा, पण १ मेला ग्रामसभेत येऊन तोंडावर सांगा. ग्रुपवर पन्नास अंगठे आणि सभेत पंधरा डोकी, असं दरवेळी होतं. यावेळी तरी होऊ देऊ नका.